मॅन्युअल, मी आणि उसाची सरी

अण्णांनी माझी वळकटी एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरून धोतराला हात पुसले आणि वेळापूरच्या स्टँडवर चारचौघांत म्हणाले, "सा म्हैनं बघ. न्हाय जमलं तर सरळ माघारी ये. लाज धरू नगंस." आईने खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं आणि तोंड फिरवलं. अण्णांच्या बोलण्यात माया होती, पण मला राग आला. माघारी येणं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मामांनी नातेपुत्याचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं आणि ती मंडळी थांबायला तयार होती.

सुमन, तू तेव्हा आईचा पदर धरून उभी होतीस. परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, तू त्या मशीनचं इंग्रजी शिकलीस तरी कसं?" तेव्हा हे तुझ्यासाठी, आणि आपल्याकडून जे कुणी असेच बाहेर पडले त्यांच्यासाठी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मावशीकडे राहून मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि पुण्यातल्या एका कारखान्याने मला कॉम्प्युटर विभागात शिकाऊ म्हणून घेतलं होतं. सहा महिन्यांनी एक प्रोग्रॅम स्वतः लिहून दाखवायचा. जमला तर कायम, नाही तर घरी. मशीनला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. ते गार खोलीत काचेआड, आणि आम्ही बाहेर घामात. आम्ही कागदावर लिहायचं, पंचिंगच्या मुली त्याची भोकं पाडलेली कार्डं करायच्या, कार्डांचा गठ्ठा आत द्यायचा आणि छापील कागद दुसऱ्या दिवशी हातात यायचा.

शिकायचं ते एका जाडजूड परदेशी मॅन्युअलवरून. माझं शाळेचं शिक्षण मराठीत झालेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे. मेमरी, ब्रांच, लूप, बफर, सगळे शब्द सापडायचे, अर्थ लिहून व्हायचे, आणि वाक्य तरीही जागचं हलायचं नाही. वरातीत सगळे ओळखीचे दिसावेत आणि नवरदेव कोण ते कळू नये, तशी गत. शेजारच्या टेबलावरची नलिनी कॉन्व्हेंटमधली. ती तेच पान वाचता वाचता मधेच हसायची. हसण्यासारखं तिथं काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा तिचा भारी हेवा वाटायचा.

एके दिवशी कँटीनमध्ये लूपचं प्रकरण कितव्यांदा तरी वाचत होते. काम करा, अट पुरी झाली का पाहा, नसेल तर परत मागे जा. आणि एकदम मी आपल्या उसात उभी राहिले. उसाला पाणी देताना दारं धरणं म्हणजे दुसरं काय असतं? पाट भरून वाहतोय, आपण फावडं घेऊन उभे. एका सरीत पाणी सोडायचं, भरली का बघायचं. नसेल भरली तर थांबायचं, भरली की तिचं तोंड मातीने बंद करून पुढचीचं फोडायचं. हे तर मी परकरात असल्यापासून करत आले होते. मग एकेक शब्द आपसूक सुटत गेला. ब्रांच म्हणजे पाटाला फुटलेली चारी. बफर म्हणजे विहिरीवरचा हौद, मोटर आपल्या चालीने भरते आणि रान आपल्या चालीने पितं. मी शब्दकोश मिटला आणि मॅन्युअलच्या समासात पेन्सिलीने सऱ्या काढायला लागले. नलिनीने विचारलं, "हे कंगवे कशाला काढतेस गं?"

परीक्षेचा प्रोग्रॅम साधा होता. कामगारांच्या हजेरीच्या चिठ्ठ्यांवर ओळीने क्रमांक छापायचे. एक छापा, त्यात एक मिळवा, पुढचा छापा. मी खुशीत लिहून दिला. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर शेलार दोन्ही हातांत कागदांचा ढीग घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ओतला. क्रमांक छापतच सुटले होते. कारखान्यात नव्हते तेवढे कामगार मी एका दिवसात भरती केले होते. शेवटी खोक्यातला कागदच संपला तेव्हा मशीन उभं राहिलं. सगळा विभाग बघत होता आणि मला नातेपुतं दिसत होतं.

आमचे प्रमुख राघवन साहेब मद्रासचे. त्यांनी केबिनमध्ये बोलावून इंग्रजीत एवढंच विचारलं, "हे थांबणार कुठे होतं?"

मी खरं ते सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत. आमच्याकडे दारं धरणारा थांबायचं कधी ते ठरवत नाही, साहेब. कालव्याचं पाणी सरकारी पाटकरी सोडतो आणि तोच बंद करतो. पाटाचं पाणी आटलं की आम्ही फावडं खांद्यावर टाकतो. शेवट लिहायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

साहेब हसले नाहीत. टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "इथे तो माणूस तुम्हीच आहात. उद्या परत आणून द्या."

मी दोन ओळी वाढवल्या. प्रोग्रॅम चालला, आणि सांगितलेल्या आकड्याला गुमान थांबला. महिनाअखेरीला मला कायम केलं.

बातमी पत्राने कळवायची नाही असं ठरवून मी स्वतःच गावी आले. तू आणि आई बाजारात होता. अण्णा उसाला पाणी देत होते. बांधावरूनच सांगितलं, "अण्णा, कायम केलं मला."

"लई ब्येस झालं," ते म्हणाले. फावड्यावर रेलून म्हणाले, "मंग आता माघारी न्हाय यायची तू."

"न्हाय, अण्णा."

त्यांनी मान हलवली. तोंडावर हसू होतं, खोटं नव्हतं. मग ते वाकले आणि पुढच्या सरीचं तोंड फोडलं. पहिली अर्धीच भरली होती. अण्णांच्या हातून असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. मला दिसलं, आणि मी बोलले नाही. पाणी पुढच्या सरीत निघून गेलं आणि पहिलीचा खालचा निम्मा भाग तसाच कोरडा राहिला.

मामांनी त्या मंडळींना काय निरोप दिला ते मी कधी विचारलं नाही. अण्णाही गेले. तू सांगतेस, रानात आता ठिबक आहे, दारं कुणी धरत नाही. नोकरीत पुढे कितीतरी मॅन्युअलं आली, नवी मशीनं आली, आता नातू मोबाइलमधलं काहीबाही समजावतो. प्रत्येक वेळी मी आधी त्या बांधावर जाते, तिथं ते बसतंय का बघते, आणि मगच मला कळतं. राहिले मी पुण्यात, सुमन, पण मला जे जे कळलं ते त्या रानात उभं राहूनच कळलं. तेच माझं घर, आणि तिथली एक सरी माझ्यामुळे अर्धी राहिली.