ओल्या ताण्याचा उमेदवार

"वाकून जा, मालक."

अण्णांची आणि माझी ओळख या तीन शब्दांनी झाली. मी सोलापुरात नवा होतो. पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान टाकलं होतं. पहिल्याच सकाळी दार उघडून बघतो तर गल्ली बंद. या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेच्या उंचीवर सुताचा ताणा पसरलेला, खाली बांबूचे टेकू, सूत ओलं आणि खळीचा आंबूस वास सगळीकडं. मला पलीकडं नळावर जायचं होतं. मी हातानं सूत वर करायला गेलो, तर एक किडकिडीत म्हातारा कुंचा घेऊन आला आणि अगदी शांतपणे मला वाकायला सांगून गेला. मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि वाकलो.

पुढं रोजच वाकायचो. पोस्टमन वाकायचा, गवळी वाकायचा, वरातीतला नवरदेव मुंडावळ्या सावरत वाकायचा. अण्णा कुणालाही सूट देत नसत.

तुमच्यापैकी ज्यांनी हातमागाची गल्ली पाहिली नसेल त्यांना सांगतो. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे; मागावर चढवण्याआधी त्यांना तांदळाची शिजवलेली खळ लावावी लागते. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे मारत चालतात, आणि एकदा खळ लागली की सूत वाळेपर्यंत त्याला सोडून जाता येत नाही. सोडलं तर धागे एकमेकांना चिकटतात, आणि घरादाराची मेहनत मातीत जाते. घरं एवढीएवढीशी, त्यामुळं ताणा पसरायचा तो रस्त्यावरच. अण्णा गल्लीचे खळ शिजवणारे. कुणाचाही ताणा असो, खळ त्यांच्या हातची. दोन बोटांची मागची बाजू सुताला लावायची, मग ती बोटं स्वतःच्या गालाला लावायची, आणि सांगायचं, "अजून ओलं हाय." ते हूं म्हणेपर्यंत कुणी ताणा उचलत नसे.

गल्लीचा एक रिवाज होता. ताणा ओला असेल तर मयतसुद्धा पुढनं जात नसे. मागच्या गटाराकडच्या बोळातून न्यायची. अण्णांनी स्वतःच्या आईला तशीच नेली होती. मला हे ऐकून कसंसंच झालं. मी तसं बोललोही. ते म्हणाले, "तिनं बी जल्मभर सूतच सोडवलं की. तिला राग न्हाय यायचा. मी गेलो की मला बी मागनंच न्या." आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं हसले की लहान पोरासारखे दिसत.

मग म्युन्सिपालटीत टूम निघाली की पूर्व भागातले रस्ते रुंद करायचे, खडी टाकायची, आणि रस्त्यावर ताणा पसरायला बंदी घालायची. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि त्याच सुमाराला निवडणूक आली. आमच्या वॉर्डातून दोघं उभे होते. एक रस्त्यांची कामं घेणारे कंत्राटदार. बंदी कुणाला हवी होती हे सांगायला नकोच. दुसरे मोठ्या पक्षाचे वकीलसाहेब. खादी घालणारे, बोलायला गोड, माणूस वाईट नव्हता.

अण्णा गल्लीतल्या चार जणांना घेऊन वकीलसाहेबांकडं गेले. सोबत मीही. अण्णांनी एकच विचारलं, "सायेब, बंदीच्या इरुद्ध हात वर करनार का?"

वकीलसाहेब म्हणाले, "त्यावर पक्षात विचार व्हायचा आहे. विचारून सांगतो. आधी निवडून तर द्या."

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले, खळीसाठी पायलीभर तांदळाची चुरी घेतली आणि म्हणाले, "मालक, मी उभा ऱ्हातो."

मी तराजू खाली ठेवला. "अण्णा, डोकं ठिकाणावर आहे ना? तुमच्या मागं ना पक्ष, ना पैसा. मतं फुटतील. तुमची निम्मी, वकिलांची निम्मी, आणि कंत्राटदार मिशीला पीळ देत आत जाईल."

"जाईल की."

"मग?"

"मालक, त्यो सायेब इच्यारून सांगतो म्हनाला. मला कुनाला इच्यारायचं न्हाय." त्यांनी चुरीत हात घालून ती बोटांनी चाळली. "वाईटाच्या भ्यानं अर्ध्या चांगल्याला मत देत ऱ्हायलो, तर आपलं गाऱ्हानं तितं कोन बोलनार?"

खरं सांगायचं तर मला रागच आला. व्यवहार तर माझ्याच बाजूला होता.

प्रचार कसला, तो एक तमाशाच होता. वकीलसाहेबांची सभा झाली, हारतुरे झाले. अण्णा नुसतेच कुंचा मारत चालायचे, आणि पलीकडून कुंचा मारणाऱ्याशी घरच्या भाषेत, तेलुगूत, काहीतरी पुटपुटायचे. तीच त्यांची सभा. त्या काळी मत फक्त घरपट्टी भरणाऱ्यांना होतं, पण आमच्या गल्लीत आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत तशी घरं बरीच होती. हळूहळू लोक म्हणायला लागले, "अण्णालाच द्यायचं." वकीलसाहेबांचे कार्यकर्ते दुकानात येऊन माझ्या कानाला लागले, "म्हाताऱ्याला बसवा. तुमचं ऐकतो." मी म्हटलं, "माझं ऐकत असता तर उभाच राहिला नसता."

एके सकाळी कंत्राटदारांची मोटार गल्लीच्या तोंडाशी आली. गल्लीत ताणा होता. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, परत वाजवला. अण्णा कुंचा खांद्यावर टाकून पुढं गेले.

"भोंग्यानं सूत वाळत न्हाय, मालक. उतरा. वाकून जा."

कंत्राटदार उतरले. धिप्पाड माणूस, पोट सावरत ताण्याखालून वाकून गेले. गल्ली गालातल्या गालात हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, अरे, हा म्हातारा येईल बरं का निवडून.

मतदानाच्या आधी आठवडाभर आभाळ भरून होतं. अवेळी पावसाची भुरभुर. ताणा पसरता येईना. माग रिकामे, घराघरांत सूत गुंडाळून ठेवलेलं, आणि व्यापारी आठवडी बाजाराच्या लुगड्यांसाठी दारात उभे. रोज संध्याकाळी बायका आभाळाकडं बघत बसायच्या. आणि मतदानाच्या दिवशी पहाटे आभाळ स्वच्छ झालं.

मी सकाळी दार उघडलं तर असं कोवळं, कोरडं ऊन पडलेलं, की खळ लावणाऱ्यानं देवाकडं मागून घ्यावं. तिन्ही गल्ल्यांत ताणे लागले होते. एक उतरला की दुसरा चढायचा, नंबर लावून लोक उभे होते. अण्णा मधे. या ताण्यावरून त्या ताण्यावर, बोटं सुताला, बोटं गालाला.

मी मत देऊन आलो. होय, अण्णांनाच दिलं. मतदान होतं त्या शाळेत वकिलांचे टांगे येत होते, कंत्राटदारांची मोटार माणसं आणून सोडत होती. आमच्या गल्लीतलं मात्र काळं कुत्रं नव्हतं. मी धावत परत आलो.

"अण्णा, मतं! दुपार झाली!"

"व्हय मालक. एवढं वाळलं की जातो."

"सगळ्यांना पाठवा ना आधी! सूत परत लावता येईल!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या पलीकडं एक विधवा बाई कुंचा मारत होती. आठवडाभर तिचा माग बंद होता, घरात पोरं होती. तिलाही घरपट्टीचं मत होतं. अण्णांनी बोटं तिच्या सुताला लावली, गालाला लावली. "हिला कसं सांगू, मालक? ओलं हाय."

मी चडफडत दुकानात जाऊन बसलो. पाठीवर ऊन घेत गल्ली चालत राहिली, पुढं, मागं, पुढं, मागं. शेवटचा ताणा उतरला तेव्हा उन्हं तांबूस झाली होती. मग सगळे पळत सुटले. हाताला खळ, केसांत सुताचे तुकडे, म्हातारेकोतारे, ती विधवा बाई, सगळ्यांच्या मागून अण्णा. शाळेचं फाटक बंद झालं होतं. आतून शिपायानं हात हलवला. अण्णांनी स्वतःचं मतसुद्धा टाकलं नव्हतं.

ज्या दोनचार घरांचे ताणे त्या दिवशी नव्हते, त्यांची मतं अण्णांना पडली, आणि थोडी इकडतिकडची. तेवढीच जर वकीलसाहेबांना पडली असती, तर वकीलसाहेब आले असते. कंत्राटदार आले.

त्या दिवशी एकाही घराचं सूत वाया गेलं नाही. वर्ष सरायच्या आत बंदी झाली. गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा राहिला, ताणा दिसला की दंड. लोक गावाबाहेरच्या माळावर जाऊन ताणे पसरू लागले. तिथं वारा धूळ आणून ओल्या सुतावर टाकायचा. मग एकेकानं मिलचं खळ लावलेलं सूत विकत घ्यायला सुरुवात केली. काहींनी माग विकले आणि मिलच्या भोंग्यावर कामाला जाऊ लागले. खळ शिजवणाऱ्याची गरज उरली नाही.

मी एकदा वकीलसाहेबांना टांग्याच्या अड्ड्यावर गाठलं. "तुम्ही निवडून आला असता तर बंदीला विरोध केला असता का? आज तरी सांगा." त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला. "तुम्ही आधी निवडून द्यायला हवं होतं," म्हणाले, आणि टांग्यात बसले. या उत्तराचा संताप अजून माझ्या पोटात आहे. त्यांनी सरळ हो म्हटलं असतं, तर मी अण्णांना दोष देऊन मोकळा झालो असतो. नाही म्हटलं असतं, तर तुमचंच बरोबर होतं म्हणून अण्णांना जाऊन सांगितलं असतं. दोन्हीतलं काहीच हाताला लागलं नाही.

गल्लीला मात्र दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. एकदा एक तरुण विणकर तंबाखू घेता घेता दुकानात म्हणाला, "मतं फोडली म्हाताऱ्यानं, आन आमचं वाटोळं केलं." मी त्याची पुडी परत घेतली आणि त्याला पायरीखाली उतरवलं. अण्णा पलीकडच्याच ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. मी जवळ गेलो तर म्हणाले, "खरं बी असंल, मालक. ओरडू नका त्याच्यावर."

"अण्णा, तुम्ही आला असता निवडून. हे सगळे मत द्यायला गेले असते तर..."

"तवा सूत गेलं असतं त्यांचं."

पुढचे दोन पावसाळे ते त्या ओट्यावरच बसायचे. सकाळी ऊन पडलं की नकळत दोन बोटं पुढं करायचे. पुढं काही नसायचं. मग तीच बोटं गालाला लावून तशीच ठेवायचे. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन उगीच डबे हलवत बसायचो.

ते गेले त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. तिरडी दारात बांधली. खांदा द्यायला गल्लीतले जुने विणकर आले होते, काही मिलच्या पाळीवरून तसेच आलेले. उचलायच्या वेळी मी म्हटलं, "मागनं न्यायचं म्हणाले होते."

खांदेकऱ्यांनी मागच्या बोळाकडं पाहिलं. मग ती विधवा बाई दारातून म्हणाली, "आता कशाला? रस्ता मोकळाच हाय की."

खरंच मोकळा होता. खडीचा, रुंद, सरळ. त्यांना पुढनंच नेलं. मी दुकानाची एक फळी लावून पायरीवर उभा राहिलो. तिरडी गल्लीच्या मध्यावर आली असेल, मागून मिलच्या गाठोड्यांची लॉरी आली. तिनं भोंगा वाजवला, परत वाजवला. खांदेकरी अण्णांना घेऊन गटाराच्या कडेला सरकले, आणि लॉरी पुढं निघून गेली.