दुसरी रॅम

आमच्या गोडादरा वस्तीत काहीही बिघडलं की दोष लाइटचा. भिंतीपलीकडच्या कारखान्यात कापड विणायचे लूम सुरू झाले की आमच्या घरातली ट्यूब मिणमिणायची आणि पंखा मंदावायचा. त्यामुळे माझा कॉम्प्युटर काम करता करता आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायला लागला, तेव्हा नवऱ्याने दुसरा विचारच केला नाही.

"लाइट कमी-जास्ती व्हई राह्यनी," तो म्हणाला. उमेदीची सगळी वर्षं लूमवर घालवलेला माणूस. विजेच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही.

मी घरी बसून साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायचे. त्याआधी साड्यांचे धागे कापायचे. ओढणीभर कचरा, पाठीला कळ आणि नाव कुणाचंच नाही. क्लास लावून डिझाइन शिकले आणि एका व्यापाऱ्याने काम द्यायला सुरुवात केली. तो एकच होता, पण मला तेवढा पुरे होता. बुट्टे, बॉर्डर, पदर सगळं एका फाइलीत मांडलं की कॉम्प्युटर रेंगाळायचा, आणि मी त्याच्यावर करवादायचे. नवऱ्याने ते ऐकलं होतं. सुटीच्या दिवशी तो पर्वत पाटियाच्या बाजारात गेला आणि जुन्या सामानाच्या दुकानातून आणखी एक रॅम घेऊन आला. कंपनी वेगळी होती, पण खाचेत नीट बसली. स्क्रीनवर मेमरी दुप्पट दिसायला लागली. तो इतका खूश झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

बंद पडणं त्यानंतरच सुरू झालं, पण लाइट पुढे असताना रॅमकडे कोण बघतो? आम्ही स्टॅबिलायझर आणला. प्लग दुसऱ्या भिंतीला लावला. लग्नसराईचं काम हातात होतं, व्यापारी रोज फोन करत होता, आणि मी रोज अर्धं काम पुन्हा करत होते.

मग एकदा कारखान्याला सुटी होती. ट्यूब स्थिर, पंखा जोरात, आणि कॉम्प्युटर तरीही बंद पडला. परत सुरू केला तर पदराची फाइल उघडेना. मी कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला.

दुरुस्तीवाल्याने नवऱ्याने आणलेली रॅम काढली, पहिली ठेवली. "दोनों ठीक हैं, साथ में नहीं चलेंगे," म्हणाला. जावांसारखं आहे म्हणजे, मी मनात म्हटलं. कॉम्प्युटर पहिल्यासारखा हळू, पण न अडखळता चालायला लागला. मी लगेच व्यापाऱ्याला फोन केला.

"बेन, हवे रेवा दो," तो म्हणाला. आता राहू द्या. मार्केटमधल्या एका ऑफिसकडून त्याने डिझाइन करून घेतलं होतं, आणि पुढचंही तिकडेच देणार होता. तो चिडला नाही. चिडला असता तर समजूत घालता आली असती.

सकाळी नवरा रातपाळीवरून आला. चप्पल काढता काढता त्याने विचारलं, "आते चालस ना?"

"चालस," मी म्हटलं. त्याने हौसेने आणलेली रॅम मी फडक्यात गुंडाळून साड्यांखाली ठेवली होती.

"मंग बठ कामले. मी ली लेस जेवण." त्याने स्वतःच ताट वाढून घेतलं.

मी कॉम्प्युटरसमोर बसले, एक रिकामी फाइल उघडली आणि तो जेवून झोपेपर्यंत माऊस हलवत राहिले.