बोट लागली

आमचं घराणं मिठागरातलं. पनवेलच्या खाडीचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. शाळेत मी जेमतेम चौथीपर्यंत टिकलो, पण भरती-ओहोटी मला कुणी शिकवावी लागली नाही. म्हणून नातीला मांडीवर घेऊन सांगायचो, "बाय, तुझा आजा समुद्राचा माणूस हाय." पाच वर्षांची पोर, तिला सगळं खरं वाटायचं. तो समुद्र माझ्या गुडघ्याच्या वर कधी आलाच नव्हता, हे मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

मिठागर गेलं, आम्ही करंजाड्यात इमारतीत आलो. गेल्या दिवाळीत मुलानं मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. जहाज कसलं, आमची सोसायटीच पाण्यात ढकलून दिलेली. लिफ्टसकट.

चढल्या चढल्या सुनेनं पर्समधून गोळ्या काढल्या. बोट लागून ओकारी होऊ नये म्हणून. मुलानं घेतली, नातीनं घेतली.

"बाबा, तुम्ही पण घ्या."

"मला? मिठागरवाल्याला बोट लागत नाय. लागली तर मिशी उतरवीन."

"आजा समुद्राचा माणूस हाय," नात आईला म्हणाली. झालं! आता गोळी घेतली तर पोरीसमोर राहिलं काय?

संध्याकाळी तिला डेकवर नेऊन वारा कुठला, दिवे कुठल्या गावाचे, सगळं दाखवलं. निम्मं ठोकून. जेवताना मटण दोनदा घेतलं, तेही तिनं बघावं म्हणून.

सकाळी मुलगा-सून वर चहाला गेली. आम्ही दोघं खोलीत. जहाज जरा या अंगावरून त्या अंगावर झालं आणि मी संडासात धावलो. वाकलो तो वाकलोच. मागून आवाज आला, "आजा, तुला बोट लागली?"

"बोट नाय गं, मटण बाधलं." एवढं बोललो आणि परत वाकलो. मग खोटं बोलायला दमच उरला नाही. "लागली. पण आजाला बोट लागली असं कुणाला सांगू नको. आईला तर नायच. शपथ?"

"शपथ."

पण पोर घाबरली होती. दार उघडून बाहेर धावली आणि बोळभर ओरडत सुटली, "बोट लागली! बोट लागली!" शपथेप्रमाणे 'आजाला' एवढा शब्द गाळला.

त्या मजल्यावर सगळी आपलीच मराठी माणसं. सगळ्यांना वाटलं, बोट धक्क्याला लागली. शेजारच्या काकू बॅग ओढत निघाल्या. समोरचा एक गृहस्थ अर्धी दाढी केलेला, गालावर फेस, हातात पोरांच्या चपला. सगळे जिन्यावर. वर जाऊन बघतात तर चारी बाजूंना पाणी.

तापून खाली आले. "कुणाची पोर ही? एवढ्याशा वयात थापा मारते!"

तेवढ्यात सूनही आली. "काय ओरडलीस तू? कुठं लागली बोट?"

नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी दारात, गळ्यात ओला टॉवेल. तिचे डोळे भरले होते, पण तोंड घट्ट मिटलेलं. शपथ!

मला वाटलं होतं, मिशी मोठी. नव्हती.

"पोर थापा मारत नाय," मी म्हणालो. "बोट लागलीच. मला लागली."

मग जो हशा उठला!

"अहो, मग कुणाला ते नीट सांगायचं ना," काकू म्हणाल्या. "मी ओले कपडे भरले बॅगेत!"

"बाबा, मिशीचं काय ठरलं होतं?" सून म्हणाली.

"वस्तरा आहे माझ्याकडं," फेसवाल्यानं लगेच सांगितलं.

मिशी उतरवली नाही. उतरवीन म्हणालो होतो, कधी ते म्हणालो नव्हतो. गोळी मात्र मुकाट्यानं घेतली.

नात जवळ येऊन बसली. "आजा, तू समुद्राचा माणूस नाय?"

"हाय. पण गुडघ्यापर्यंतच."

तिनं आपल्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत?"

"माझ्या गुडघ्यापर्यंत," मी म्हणालो. तेवढी तरी उंची राखायला नको?