धूळ म्हणून पुसलेल्या तीस फ्रेम

यश, अन्वी,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या घरात भुताखेतांना कधीच जागा नव्हती. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली घरातले देव कऱ्हा नदीत सोडले, आणि त्यांच्याबरोबर अंगारे, उतारे, नवस सगळं गेलं. मी तीस वर्षं बारामतीत शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणाच्या निबंधात ‘अचानक एक सावली दिसली’ असं आलं, की मी समासात लाल शाईने ‘कोणाची?’ असं लिहायचे. तेव्हा हे वाचून आजीचं आता वय झालं असं म्हणू नका. हे घडलं तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते आणि चष्म्याचा नंबर नुकताच तपासून घेतला होता.

१९९८चा मे महिना. तुमची आई, मित्रा, तेवीस वर्षांची होती. पुण्याला कॉम्प्युटर शिकून आली होती, आणि मुंबईच्या एका स्टुडिओने तिला घरून करायला काम दिलं होतं – सिनेमाच्या फ्रेम साफ करण्याचं. तुम्हाला आता फोनवर अख्खा सिनेमा एका फाइलमध्ये मिळतो. तेव्हा तसं नव्हतं. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम म्हणजे एक वेगळी फाइल, क्रमांक घातलेली. मुंबईत फिल्म स्कॅन करून ज्या मूळ फाइली बनत त्या अवजड असत, आणि रंगाने अगदी फिक्या, खूप धुतलेल्या कपड्यासारख्या. कारण रंग पुढे भरायचे असत. त्यांच्यावरून काढलेल्या टिफ फाइली सीडीवर आमच्याकडे येत. टिफमध्ये चित्रातला कण न् कण जसाच्या तसा राहतो. पण आमच्या मशीनवर एक टिफ उघडायला अर्धा मिनिट लागे. म्हणून मित्राने माझ्यासाठी त्यांच्या छोट्या जेपेग प्रती काढल्या होत्या. जेपेग जागा वाचवतं. बारीकसारीक तपशील, कोण बघतंय म्हणून, टाकून देतं.

माझं काम जेपेग बघून वहीत नोंद करायचं: फ्रेम अमुक, ठिपका अमुक जागी. मित्रा ती वही घेऊन टिफ उघडायची, ठिपक्यावर ब्रश फिरवायची आणि त्याच नावाने सेव्ह करायची. या कामाचा एकच नियम होता. फिल्मवरची धूळ दोन फ्रेममध्ये एका जागी राहत नाही. जागेवर राहते ती वस्तू, जागा बदलते ती धूळ. धूळ पुसायची.

त्या आठवड्यातला शॉट सणसरजवळच्या कालव्यावरचा होता. शूटिंग जानेवारीत झालेलं. दुतर्फा उंच ऊस, भरावावरून चालत जाणारी नायिका, आणि डाव्या कोपऱ्यात एक बंद पडलेलं दगडी पंपघर. त्याला गजांची एक खिडकी. दहा सेकंद, दोनशे चाळीस फ्रेम. साठ आधीच झाल्या होत्या.

शनिवारी सकाळी तुमचे आजोबा सणसरला निघाले. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, तरी कालव्याला पाणी सुटलं की त्यांना घरात बसवत नसे. तिथे त्यांचे मित्र तात्या होते. रात्री त्यांच्याकडेच राहणार होते. जाताना आमच्या खोलीत डोकावले. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून आम्ही खिडक्या बंद करून, पडदे ओढून बसलेलो. आत भट्टी झालेली.

“दोघी मायलेकी दिवसभर धूळ पुसता,” ते म्हणाले, “आणि माझ्या टेबलावर बोटानं सही करता येतीय.”

“पप्पा, तुमच्या टेबलाचे पैसे कोण देणार?” मित्रा मान न वळवता म्हणाली.

“गोळी घेतली का?” मी विचारलं. त्यांना साखर होती.

“घेतली, बाई. शाळा सुटली तरी हजेरी सुटंना.”

उपरणं खांद्यावर टाकून ते एसटीला गेले.

दुपारी दोन ते चार वीज नव्हती. चारला आली, आणि मित्रा कामाला बसली. एकसष्ट ते नव्वद या तीस फ्रेमच्या नोंदी मी वीज जायच्या आधी करून ठेवल्या होत्या. तिने पाचच्या आत सगळ्या पुसल्या.

रविवारी दहाच्या सुमारास फोन वाजला. सणसरच्या एसटीडी बूथवरून तात्या.

“जय भीम, वहिनी. सायब काल आलंच न्हाईत. म्हणलं तब्येत बिब्येत बरी हाय न्हवं?”

मी म्हणाले, “ते काल सकाळीच निघालेत.”

“हितं न्हाईत, वहिनी,” तात्या म्हणाले. “मी बघतो. फोनजवळच बसा.”

दवाखाने झाले, नातेवाईक झाले. चौकीतल्या माणसाने सांगितलं, मोठा माणूस आहे, येईल, संध्याकाळपर्यंत वाट बघा. मी हिशेब करत होते: साखरेचा माणूस, मे महिना, सव्वीस तास... खाल्लं काय असेल, प्यायला काय असेल? घराबाहेर पडावं, तर फोन सोडून जाता येईना. मित्रा दाराजवळ उभी राही, परत येई. पडदे तसेच ओढलेले. उघडायचं कुणाला सुचलं नाही.

हाताला काही हवं म्हणून मी वही पुढे ओढली. कालच्या नोंदी वाचू लागले. रोज वाचते तशा नाही, एका दमात, वरून खाली. एकसष्ट – खिडकीत, वर. बासष्ट – खिडकीत, वर, किंचित डावीकडे. अडुसष्ट – खिडकीत, डावीकडे. पुढे मध्ये, पुढे उजवीकडे, पुन्हा मध्ये, पुन्हा डावीकडे. तीसच्या तीस फ्रेममध्ये एक ठिपका खिडकीत होताच. जागा बदलत होता म्हणून मी त्याला धूळ म्हटलं होतं. पण धूळ इतकी शिस्तीने जागा बदलत नाही.

आणि ही चाल मला माहीत होती. कालव्यावर लांबच्या माणसाला हाक पोहोचत नाही, म्हणून तिथली माणसं उपरण्याने खुणा करत. हात सरळ वर, मग तीनदा आडवा: पाणी बंद कर. आमची गच्चीवरची टाकी भरली की आजोबा मला वरून हेच करायचे, मोटार बंद करण्यासाठी.

“मित्रा,” मी म्हणाले, “एक्याण्णव उघड. टिफ.”

ती अजून पुसलेली नव्हती. चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उमटत आलं. आधी आभाळ, मग ऊस, मग पंपघर. तिने खिडकी मोठी केली. जेपेगमध्ये नुसता पांढरट डाग होता. इथे गजांमधून बाहेर आलेलं कापड होतं, आणि खालच्या गजाला धरलेली चार बोटं.

“आई, हे शूटिंग जानेवारीतलं आहे.”

“मला माहीत आहे.”

“मग हे...”

“सणसरला फोन लाव.”

बूथवाल्याने तात्यांना बोलावून आणेपर्यंत दहा मिनिटं गेली.

“जुनं पंपघर?” तात्या म्हणाले. “सकाळीच त्याच्यावरनं गेलो, वहिनी. दाराला भायेरनं कडी हाय. आत कोण जाईल?”

“कडी काढून बघा.”

“कुणी सांगितलं तुमाला?”

“तात्या, जा. पळत जा.”

चाळीस मिनिटं आम्ही दोघी त्या बंद खोलीत फोनकडे बघत बसलो. पडद्यावर ती बोटं तशीच होती. मित्राने मशीन बंद करायला हात पुढे केला, मी तिचं मनगट धरलं.

आजोबा जिवंत सापडले. पाण्याची जुनी मापपट्टी बघायला आत गेले, वावटळीने लोखंडी दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली. कालवा भरून वाहत होता. त्या आवाजात त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नाही. ओठ फुटलेले, आवाज बसलेला. सलाईन लावलं तेव्हा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर अवघड होतं.

सोमवारी ते नीट बोलले. खिडकीतून उपरणं हलवत राहिलो म्हणाले, पलीकडच्या भरावावर कुणीतरी येईल म्हणून. मग हळूच म्हणाले, “एक मात्र झालं. शनिवारी, ऊन उतरायच्या आधी, मला माझा हातच दिसंना. होता. गज हाताला लागत होता. पण दिसत नव्हता. तास-पाऊण तास.”

मित्रा उठून बाहेर गेली. घरी येऊन तिने त्या तीस फाइलींच्या सेव्ह झाल्याच्या वेळा मला दाखवल्या. पहिली चार वाजून पाच मिनिटांची. शेवटची पाचला दहा कमी. हे आम्ही आजोबांना कधीच सांगितलं नाही.

मग तिने मुंबईहून आलेली मूळ सीडी लावली. तीच नावं, तोच आकार, तीच जानेवारीची तारीख. खिडकी रिकामी. एकसष्टपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत गजांमागे नुसता काळोख. आमच्या हार्ड डिस्कवर मात्र एक्याण्णवपासून पुढे दीडशे फ्रेममध्ये तो हात होता. सीडीवरून नवी प्रत घेऊन मित्राने शॉट साफ केला आणि बुधवारी पाठवला. ती डिस्क मशीनमधून काढून मी सुती कापडात गुंडाळून ठेवली. स्टुडिओतल्या एका जाणत्या माणसाला मित्राने विचारलं होतं. तो म्हणाला, कॉपी होताना फाइल बिघडते कधीकधी. बिघडलेली फाइल उघडत नाही, रंग सोडते, अर्धी काळी होते, एवढं मलाही तोवर कळलं होतं. तिला बोटं फुटत नाहीत.

त्यानंतर आजोबा सोळा वर्षं जगले. झोपेत गेले, घरात, दारं-खिडक्या उघड्या होत्या.

आता तुमची आई म्हणते, बारामतीचं घर आवर, इकडे ये, ते जुनं सामान भंगारात दे. बाकी सगळं देईन. डिस्क देववत नाही. ती जोडून बघणारं मशीन मिळेल असं मित्रा म्हणते, पण तेही मी करू दिलेलं नाही. कारण कितीही विचार केला तरी दोनच प्रश्न उरतात. खिडकी आता रिकामी असेल, तर तो हात तिथून कधी गेला? आणि रिकामी नसेल, तर इतकी वर्षं तिथे कोण उभं आहे?

पुसायचं मात्र कुणी नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तुमची आजी