केळीच्या पानांखालचं तळं

पिंप्राळ्याच्या घराच्या परसात माझ्या सासऱ्यांनी तळं केलं होतं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. भुसावळला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले आणि लोक मेथी-कोथिंबीर लावतात तिथं यांनी खड्डा खणला, विटा-सिमेंटनं बांधून काढला, तळाशी काळी माती घालून कमळाचे कंद लावले. हौसेला मोल नसतं हे खरं. पण पाणी माझ्या छातीपर्यंत होतं आणि माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. मला त्या तळ्याची भीती वाटायची, पहिल्या दिवसापासून.

पावसाळ्यात पाणी काठाला लागायचं, काठ शेवाळानं निसरडा व्हायचा. आबा कुजलेली पानं काढून घमेल्यात भरायचे आणि मी मुलीला कडेवर घट्ट धरून दारातूनच बघायचे. थंडीत पाणी निवळलं की गप्पी मासे दिसायचे, ते बघायला ती वाकायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. आमचे हे म्हणायचे, "तुझं आपलं काहीतरीच." कुंपण घालू, घालू म्हणता म्हणता वर्ष गेलं.

उन्हाळा सगळ्यांत वाईट. आमच्याकडच्या उन्हात पाणी तापून मासे मरतात, म्हणून आबा तळ्यावर बांबूच्या कामट्या टाकून वर केळीची पानं अंथरायचे. वाळली की नवी. पाणी दिसेनासंच व्हायचं. आणि आमच्या घरी भरिताची पंगत बसायची ती केळीच्या पानांवरच. पान मांडलं रे मांडलं की मुलगी येऊन सरळ त्या पानावरच बसायची आणि सगळे हसायचे. तळ्यावर पानं आली तेव्हा मला तेच आठवलं. मी परसदाराला कडी घालायला लागले.

एका दुपारी मला डुलकी लागली. जाग आली तर शेजारी मुलगी नाही, परसदार सताड उघडं. बाहेर पानांच्या मधोमध भगदाड पडलेलं आणि एक कामटी मोडलेली.

मी उडी मारली. पाणी कोमट होतं. चिखलात हात घालून चाचपत राहिले, हाताला लागेल ते ओढत राहिले. दर वेळी वाटायचं, हा तिचा पाय. वर यायचा तो कमळाचा देठ, नाहीतर मूळ. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. मी ओरडत होते, असं शेजारीण नंतर म्हणाली.

"बेटी, पोर मन्हाजोडे शे."

आबा परसदारात उभे होते. खांद्यावर मुलगी, तिच्या हातात बर्फाचा गोळा. माझी झोप मोडू नये म्हणून न सांगताच ते तिला मागच्या दारानं कोपऱ्यावरच्या गाडीपाशी घेऊन गेले होते. परसाच्या भिंतीवर शेजारचं मांजर आपलं भिजलेलं अंग चाटत बसलं होतं. काठावर आबांची कमळं मुळासकट पडली होती, पण त्यांनी तिकडे बघितलंही नाही. ते पानांमधल्या भगदाडाकडे बघत होते.

मी काठावर चढले आणि हात पुढे केले. अंगभर चिखल, केसांत मुळं. मुलीनं गोळा टाकून दिला आणि आबांच्या मानेला मिठी मारली. मी जवळ गेले तशी ती किंचाळली. मी कोण ते तिला कळेना, आणि सांगायला माझ्या घशात आवाज उरला नव्हता.