अंधुक फोटोतला तितर

आज सकाळी मागच्या माळावर तितर ओरडला आणि तव्यावरची भाकर करपली तरी मी तशीच बसून राहिले.

काही वर्षांमागं मी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासच्या पोरींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचे. एकदा त्यांच्यातल्या मुदखेडकडच्या सुमननं मोबाइलवरचा अंधुक फोटो दाखवला. "अप्पानं शेतातून धाडलाय. तितर हाय."

"कोंबडी हाय ती! डॉक्टर व्हायला निघाली अन् कोंबडी ओळखंना!" पोरी हसल्या.

"मावशी, तुम्ही तरी सांगा," सुमन माझ्याकडं वळून म्हणाली.

मी लहानपणी बापासोबत फासे लावून तितर धरलेले. त्या आखूड शेपटीवरून लगेच ओळखलं. पण इतक्या शिकलेल्या पोरींपुढं चौथीवाल्या बाईनं कसं बोलावं?

"कोंबडीच दिसती," म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर हसलेसुद्धा.

संध्याकाळी सुमन फोनवर बापाला सांगत होती, "अप्पा, असलं काही धाडत जाऊ नका."