रंगनाथच्या उंबऱ्यावर रोमन लोक

पुणतांब्याला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझा लहानपणचा मित्र रंगनाथ म्हणाला, "पोरगा गुरुवारी सुरतला न्यायला येतोय. कायमचं. येऊन जा." तेव्हापासून जिवाला घोर. गाडी चुकली तर? तो आधीच निघाला तर?

गुरुवारी तिसगावहून पहिली एसटी धरली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, पण ओळखपत्र जवळ ठेवा. मी ते सारखं चाचपत होतो. नगरला गाडी बदलली. राहुरीकडचा रस्ता खड्ड्यांचा. कंबर दुखत असेल तर मागच्या बाकावर बसू नका. श्रीरामपूरला वडापाव घेतला, पोट बिघडेल म्हणून अर्धाच खाल्ला. पुढे जीप मिळाली.

रंगनाथ खाटेवर तयार बसला होता. पोरगा गाडीत सामान भरत होता.

"नाम्या, लवकर सांग, तुझे रोमन काय म्हंत्यात?"

माझी शाळा सातवीत सुटली. म्हातारपणी मोबाईलवर जुन्या रोमन लोकांच्या गोष्टी ऐकायचा नाद लागला. त्या मी रंगनाथला फोनवर सांगतो. बायको गेल्यापासून तो तेवढ्यावरच हसतो.

"संडासात आडोसा नसायचा," मी म्हणालो. "रांगेत बसून गप्पा हाणायचे."

"मंग आपल्या नदीकाठी काय येगळं हुतं?"

"अन् धोबी कापडं मुतात धुवायचे."

"काका, शेजारी ऐकत्यात!" पोरगा म्हणाला. रंगनाथ खोकला येईपर्यंत हसला.

"घरातनं निघताना उंबऱ्याला ठेच लागली तर अपशकुन मानायचे. मंग जायचंच रद्द."

रंगनाथनं उंबऱ्याकडं नजर टाकली.

"चला, दादा," पोरानं हाक दिली. रंगनाथ काठी टेकत दाराशी आला आणि त्यानं अंगठा मुद्दाम उंबऱ्यावर आपटला.

"ठेच लागली रं. आज न्हाई जमायचं."

पोरगा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बापाला हाताला धरून बसवलं. "पानी प्या, दादा. मग निघू."

इतकं हळू पाणी पिताना मी कुणाला पाहिलेलं नाही. तरी तांब्या रिकामा झालाच. गाडी गेली.

पुणतांब्याला गोदावरीचा घाट आहे, जुनी देवळं आहेत. जरूर बघा. मी न बघताच परत फिरलो.

घरी आल्यापासून वाटतं, ते रोमन तरी खरंच थांबत असतील का? काल रंगनाथला फोन लावला.

"घर कसं हाय?"

"चांगलं हाय. सहाव्या मजल्यावर." मग हळूच म्हणाला, "पर उंबराच न्हाई, नाम्या. फरशी सरळ भाईर जाती."